गोमुखी, राग आणि २०८ मिनिटं: एका माहितीपटाच्या प्रेक्षकमतांचं प्रकरण

"माणूस बरा वाटला. फिल्म लांब. चहा गार."

पहिल्या रविवारी जमा झालेल्या चिठ्ठ्यांमधली ही सर्वांत उपयोगी. बाकीच्यांवर 'छान', 'अप्रतिम', 'असे कार्यक्रम व्हायला हवेत', आणि एकीवर नुसताच 'ॐ'. 'बीटल्स' या इंग्लिश रॉक बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनवरच्या माहितीपटाबद्दल लोकांना नेमकं काय वाटलं ते शोधायला निघालो होतो आणि हातात आलं ते आहेराच्या पाकिटावर लिहितात तसलं काहीतरी.

त्याच प्रेक्षकांकडून आठवड्याभरात अगदी वेगळी मतं निघाली. ती कशी निघाली, त्याआधी मी काय घोळ घातला होता, आणि वाद ज्याच्यावर सुरू झाला तो माणूस बाजूला राहून आमच्याच घरांतलं काय काय बाहेर आलं, त्याची ही नोंद. गटातले दोघं-तिघं "लिहून ठेव" म्हणून मागे लागले म्हणून सविस्तर लिहितो आहे. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

एरंडवण्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही महिन्यातून एकदा माहितीपट बघतो. तिकीट नाही, वर्गणी नाही. प्रोजेक्टर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचे, पडदा म्हणजे पांढरी भिंत आणि खुर्च्या गणेशोत्सवाच्या. तीस-चाळीस माणसं येतात. १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच बाजूला एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यातले चांगले सिनेमे तिथेच पाहिलेत. त्यामुळे तक्रार करण्याचं शिक्षण पक्कं झालेलं आहे.

या वेळी निवडलेली फिल्म होती मार्टिन स्कोर्सेसीने जॉर्ज हॅरिसनवर केलेला २०११ चा माहितीपट, 'लिव्हिंग इन द मटीरिअल वर्ल्ड'. हॅरिसनच्याच १९७३ च्या अल्बमचं नाव त्याला दिलेलं आहे. लांबी २०८ मिनिटं, दोन भागांत. अमेरिकेत एचबीओवर तो लागोपाठच्या दोन रात्री दाखवला गेला होता, आम्ही दोन रविवार घेतले. पहिला भाग मुख्यतः बीटल्सच्या काळाचा, दुसरा त्यानंतरच्या आयुष्याचा. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याशी काम आहे. एक, फिल्मला निवेदक नाही. मित्र, सहकारी, नातेवाईक बोलतात आणि जॉर्जने घरी लिहिलेली पत्रं त्याचा मुलगा वाचतो. काय समजायचं ते कुणी सांगत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे निर्मात्यांच्या यादीत त्याच्या पत्नीचं, ऑलिव्हियाचं नाव आहे.

निमंत्रण

व्हॉट्सअॅपवरचं निमंत्रण मी लिहिलं. "भारताच्या प्रेमात पडलेला बीटल! रविवारी सायंकाळी ५ वाजता. वेळेवर यावे." खाली सतारीचं चित्र टाकलं. मला वाटलं, आमच्या गटातल्या ज्येष्ठांना रॉक म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, सतार दिसली तर येतील. ते आले. पहिल्या रविवारी त्रेचाळीस जण होते, खुर्च्या कमी पडल्या आणि मी आतल्या आत खूश झालो.

पहिला रविवार

भाग संपला, दिवे लावले, चहा आला (गार), आणि पहिलं मत दिलं ते एका काकांनी. या काकांनी रमणबागेच्या मैदानात सवाईच्या कित्येक रात्री सतरंजीवर काढल्या आहेत. शिवाय ते सोसायटीच्या बागेचे स्वघोषित प्रमुख आहेत, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय. म्हणाले, "सतार म्हणजे काय मसाला आहे का? चिमूटभर टाकला की झालं?"

मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. १९६५ साली 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली तेव्हा त्याला गुरू नव्हता. लंडनच्या दुकानातून वाद्य आणलं आणि कानाने सूर शोधत वाजवलं. पंडित रविशंकरांशी त्याची भेट झाली १९६६ च्या जूनमध्ये. सप्टेंबरात तो मुंबईला आला, ताजमध्ये उतरला, शिकवणी सुरू झाली. भारतातला तो मुक्काम सहाएक आठवड्यांचा. काकांना एवढंच पुरेसं होतं. "सहा आठवडे! सहा आठवड्यांत मिजराब बोटाला नीट बसत नाही हो. आणि १९६८ च्या सुमाराला सोडूनही दिली!"

हिंजवडीत नोकरी करणारे दोघं मागच्या रांगेत होते. २०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा तिथे चिखलात उभे राहिलेले हे लोक. त्यातला एक म्हणाला, "काका, तो गिटारिस्ट होता. सतारिया आहे असं त्याने कधी म्हटलंच नाही." काका म्हणाले, "मग हातात कशाला घेतली?"

यानंतर पन्नास मिनिटं सतार सोडून काही नाही. एक बाई मध्ये पडल्या आणि मला वाटलं गाडी वळेल. शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. त्यांनी सांगितलं, "मला तो पडद्यावर माळ घालून दिसला की कोरेगाव पार्क आठवतं. १९७४ नंतर रजनीशांचा आश्रम आला, आम्ही कॅम्पात खरेदीला जायचो तर भगव्या झग्यांतले गोरे सगळीकडे. काही दिवसांनी मायदेशी परत. त्यामुळे मला यातलं खरं काय तेच कळत नाही." गाडी वळली खरी, पण आणखी एका भारताकडेच. आता प्रश्न असा झाला की हा साधक की ढोंगी. तबला शिकवणाऱ्या एका ताईंनी सांगून पाहिलं की हॅरिसनने स्वतःच एक आठवण सांगितली आहे: शिकवणी चालू असताना फोन वाजला, तो उठून सतार ओलांडून जायला निघाला, तेव्हा रविशंकरांनी त्याच्या पायावर फटका दिला आणि वाद्याचा मान राखायला शिक म्हणून सांगितलं. त्यावर काकांचं उत्तर तयार होतं. "बघा! ओलांडत होता."

हॅम्बुर्गबद्दल एक शब्द निघाला नाही. लिव्हरपूलच्या बस कंडक्टरचा हा सर्वांत धाकटा मुलगा १९६० मध्ये तिथे रात्ररात्र वाजवत होता आणि अल्पवयीन म्हणून, सतराव्या वर्षी, जर्मनीतून घरी परत पाठवला गेला होता. बँडमधल्या लेनन आणि मॅकार्टनी यांची गाणी ढिगाने येत असताना तिसऱ्याने आपली एक-दोन पुढे कशी सरकवायची, हा पहिल्या भागातला मला सर्वांत जिवंत वाटलेला धागा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही कळावा असा. त्यावरही कुणी बोललं नाही. मी वहीत लिहून ठेवलं: "फिल्मवर चर्चा शून्य मिनिटं."

डॉक्टरांचा जिना

मधल्या आठवड्यात मी 'छान'च्या चिठ्ठ्यांबद्दल कुरकुर केली, तेव्हा गटातल्या एका फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं, "पेशंटला 'कसं वाटतंय' विचारलं तर तो म्हणतो 'बरं आहे'. 'जिना चढताना कितव्या पायरीला थांबता' असं विचार, मग खरं कळतं."

म्हणून दुसऱ्या रविवारी चिठ्ठीवर दोन प्रश्न छापले. एक: घड्याळ किंवा मोबाइल कधी पाहिलात? तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं? दुसरा: घरी गेल्यावर कुणाला काय सांगाल? आणि चिठ्ठ्या शेवटी न वाटता सुरुवातीलाच, पेन्सिलीसकट, हातात दिल्या.

सव्वीस जण आले. काका नव्हते. काकू आल्या, एकट्या. "त्यांचं मत झालंय म्हणाले," एवढंच बोलल्या आणि पंख्याखालची खुर्ची धरली.

घड्याळाच्या चिठ्ठ्या

दुसऱ्या भागातल्या काही जागांवर घड्याळं भराभर पाहिली गेली. मोटार शर्यतींचा भाग त्यात पहिला. हॅरिसनला फॉर्म्युला वनचं वेड होतं आणि शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट त्याचा दोस्त. इथे सात जणांनी वेळ पाहिली. बागेच्या भागात पाच जणांनी. १९७० मध्ये त्याने हेन्ली-ऑन-टेम्सला फ्रायर पार्क नावाचा शंभराहून जास्त खोल्यांचा पडीक वाडा घेतला आणि पुढची तीस वर्षं तिथल्या बागेत माती उकरण्यात घालवली. आत्मचरित्रही त्याने जगभरातल्या बागकाम करणाऱ्यांना अर्पण केलं. एका चिठ्ठीवर होतं: "बागेत मोबाइल काढला. मग परत ठेवला. रॉकस्टार खुरपं घेऊन बसलाय हे आधी नीट बघितलंच नव्हतं." असल्या एका ओळीसाठी शंभर 'अप्रतिम' देऊन टाकीन.

सिनेमासाठी घर गहाण टाकण्याच्या किश्श्यावर हॉल हसला. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या 'लाइफ ऑफ ब्रायन'चे पैसे आयत्या वेळी आटले तेव्हा हॅरिसनने फ्रायर पार्क गहाण टाकून पैसे उभे केले. का? तर त्याला तो सिनेमा बघायचा होता. मागून आवाज आला, "आपल्याकडे नाटक कंपनीपायी बायकोचे दागिने गेले, त्यातलाच हा."

बांगलादेशच्या भागात घड्याळ पाहिल्याची एकही चिठ्ठी नाही. १ ऑगस्ट १९७१, न्यू यॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एकाच दिवशी दोन कार्यक्रम. रविशंकरांनी मित्राला सांगितलं की निर्वासितांसाठी काही करायचं आहे, आणि मित्राने काही आठवड्यांत रॉकमधली मोठमोठी माणसं उभी केली. तिकीटविक्रीतून युनिसेफला अडीच लाख डॉलरच्या आसपास गेले. पुढे रेकॉर्ड आणि सिनेमातून आलेला पैसा करांच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकला. आमच्या प्रेक्षकांमधल्या निम्म्यांना १९७१ चा ब्लॅकआउट आठवतो. एका बाईंनी दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं: "भावाला फोन करणार. खिडक्यांना काळे कागद चिकटवत होतो त्याच वर्षी तिकडे हे चाललं होतं."

तिथेच तबल्याच्या ताईंनी तो प्रसिद्ध किस्सा सांगितला. रविशंकर आणि अली अकबर खाँ त्या मंचावर वाद्यं लावत होते, साथीला अल्लारखाँ. लावणं थांबलं आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर म्हणाले, वाद्यं लावणंच इतकं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हॉलमध्ये जो हशा पिकला त्यात थोडा गर्वही होता. मला मात्र सवाईत तंबोरे जुळत असताना डबे उघडून बसणारी माणसं आठवली. टाळी वाजवणारे बरे म्हणायचे.

या संध्याकाळचा सांधा बदलला तो एका शब्दावर. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार हॅरिसनबद्दल बोलताना म्हणतो की त्याची दोन टोकाची व्यक्तिमत्त्वं होती: एक प्रेमळ, जपाच्या माळेच्या पिशवीवालं, आणि दुसरं रागाची पिशवी घेतलेलं. इंग्रजी बोलणं भरभर जात होतं. काकू शेजारणीला हळू आवाजात सांगत होत्या, पण हॉल लहान. "अगं, गोमुखी. जपाची गोमुखी म्हणतोय तो. गोमुखीही यांचीच आणि रागही यांचाच."

हॉलच्या अर्ध्या भागातून हसू फुटलं. त्या हसण्याचा आवाज वेगळा होता. फिल्म संपल्यावर चर्चा सुरू झाली ती तिथूनच. एकाचे आजोबा दोन तास पूजा करून उठायचे आणि आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचे. एकीचे सासरे पंढरीची वारी चुकवत नसत आणि धाकट्या भावाशी वीस वर्षं बोलले नव्हते. शिक्षिकाबाईंनी मागच्या वेळी विचारलं होतं की हा खरा की खोटा, त्याच आता म्हणाल्या, "आमचे अण्णा खरे होते की खोटे, हे कुठे आम्हाला कळलं?" पहिल्या रविवारी हॅरिसन परदेशी पाहुणा होता आणि आपल्या वस्तूंना त्याने हात लावला म्हणून चौकशी चालली होती. आता तो घरातल्या एका परिचित जागी येऊन बसला.

शीर्षकाचं मराठी काय करायचं, हाही विषय निघाला. 'भौतिक जगात जगताना', 'ऐहिक विश्वात' वगैरे सुचवून झालं. काकू म्हणाल्या, "सरळ 'प्रपंच' म्हणा की." आणि खरोखर, त्या एका शब्दात सगळं बसतं: १९६६ चं पॅटी बॉइडशी लग्न, तिचं पुढे जवळच्या मित्राकडे, एरिक क्लॅप्टनकडे जाणं, ऑलिव्हियाबरोबरचा दुसरा संसार, कर, खटले, घर, आणि या सगळ्यात एका हाताने चाललेला जप. समर्थांची प्रपंच-परमार्थाची ओवी कुणीतरी म्हटलीच. पुण्यात ती म्हटल्याशिवाय सभा उठत नाही.

मुलाच्या नावाचीही गंमत झाली. धनी हे नाव 'ध' आणि 'नी' या सुरांवरून ठेवलेलं. हिंजवडीवाल्याने ते कौतुकाने सांगितलं, तर मागून एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आई मुलाला 'अहो धनी' म्हणते?"

बायको निर्माती असते तेव्हा

खरा मतभेद, म्हणजे ज्यात दोन्ही बाजूंनी फिल्मकडे पाहून बोललं गेलं असा, एकच झाला. एका वकील बाईंच्या चिठ्ठीवर होतं: "हा गौरवग्रंथ आहे." चर्चेत त्यांनी तो शब्द उलगडला. आपल्याकडे षष्ट्यब्दीला किंवा गेल्यानंतर कुटुंबीय एक जाड पुस्तक काढतात, त्यात चाळीस जण आठवणी लिहितात, प्रत्येक जण 'त्यांचा स्वभाव तसा तापट, पण मन लोण्याहून मऊ' असं म्हणतो. हे त्याचं महागडं रूप. 'माय स्वीट लॉर्ड'च्या चालीवरून चाललेल्या खटल्याची आठवणही त्यांनीच काढली. १९७६ च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की आधीच्या एका गाण्याची चाल हॅरिसनने उचलली, पण नकळत. "नकळत चोरी! यावरच एक तास फिल्म होईल," त्या म्हणाल्या. वकिलांना त्यात रस असणारच, पण म्हणणं मला पटलं.

विरुद्ध बाजूने बोलल्या त्या एक लेखनिकाचं काम केलेल्या बाई. लग्न टिकवताना काय काय झालं हे ऑलिव्हिया कॅमेऱ्यासमोर स्वतः सूचित करते, बायकांना तो आवडायचा आणि त्यालाही बायका आवडायच्या हे झाकत नाही, आणि दीर्घ लग्नाचं रहस्य काय, तर घटस्फोट न घेणं, असं हसत सांगते. बाई म्हणाल्या, "ती अर्धं बोलली आणि हसली. उरलेलं अर्धं त्या हसण्यात होतं. तुम्हाला ते ऐकू आलं नसेल तर तो फिल्मचा दोष नाही." मग अपरिहार्यपणे सुनीताबाई देशपांडे निघाल्या. नवरा हयात असताना, सगळ्या महाराष्ट्राचा लाडका असताना, त्यांनी १९९० मध्ये लिहिलं तसं स्पष्ट लिहायला काय लागतं, यावर दहा मिनिटं. माझं मत विचाराल तर दोघी बरोबर होत्या. निवेदक नसल्यामुळे फिल्म कुणाला खोटं पाडत नाही, तसं कुणाला कोंडीतही पकडत नाही. कठीण जागा आली की दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा पडद्यावर येतो. २०१२ मध्ये स्कोर्सेसीला या फिल्मसाठी दिग्दर्शनाचं एमी मिळालं, आणि ही सफाई पाहता नवल नाही.

३० डिसेंबर १९९९ च्या पहाटे एक माणूस फ्रायर पार्कमध्ये घुसला आणि त्याने हॅरिसनला सुऱ्याने भोसकलं. ऑलिव्हियाने शेकोटीची सळई आणि मग दिवा हातात घेऊन त्याला मारलं. ते ती शांतपणे सांगते. इथल्या चिठ्ठ्या कोऱ्या आहेत.

शेवटी मात्र हॉल पुन्हा फुटला. २९ नोव्हेंबर २००१ च्या त्याच्या जाण्याबद्दल बोलताना ऑलिव्हिया सुचवते की त्या क्षणी खोलीत असा उजेड होता की चित्रीकरण करायचं असतं तर दिवे लावावे लागले नसते. एक चिठ्ठी: "इथे डोळे पाण्याने भरले." दुसरी: "इथे घड्याळ पाहिलं. संतचरित्रात शेवटी ज्योत निघतेच." दोघं नवरा-बायको, शेजारी शेजारी बसलेले. चिठ्ठीवर नाव नसलं तरी पेन्सिल एकच होती, आणि तिचं टोक तुटलेलं.

स्पीकरवरचं दीड मिनिट

खुर्च्या रचताना हिंजवडीवाल्याने तबल्याच्या ताईंना थांबवलं. त्याला मागच्या रविवारचं उत्तर द्यायचं होतं आणि ज्यांना द्यायचं ते काका तर नव्हते. "सतार सोडली असं म्हणाले ना? हे ऐका." त्याने ब्लूटूथ स्पीकरवर 'माय स्वीट लॉर्ड'ची सुरुवात लावली. १९७० चं गाणं. साध्या गिटारींच्या ठोक्यावर ती सरकती स्लाइड गिटार येते. बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून तारेवरून घसरवत नेतात, पडदे आड येत नाहीत, एका सुरातून दुसऱ्यात अखंड जाता येतं.

ताईंनी हात वर केला. "परत लाव." त्याने लावलं. त्यांनी उजव्या हाताने हवेत तो सूर वर नेला, आणला, थोडा खाली थांबवला. "मींड आहे. घाईत घेतलेली नाही. वरच्या सुरावर थेट आदळत नाही, खालून येतोय."

"तेच तर म्हणतोय, ताई."

"म्हणत नव्हतास. भांडत होतास."

दोन रविवारांच्या चर्चेत संगीत ऐकून दिलेलं हे पहिलं मत, आणि ते कुठल्याही चिठ्ठीवर नाही.

मग घोळ कुठे झाला

सगळ्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरून बसलो तेव्हा आधी वाटलं, डॉक्टरांचा प्रश्न जिंकला. पण पहिल्या रविवारच्या गठ्ठ्यात दोन चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या. एकीवर हॅम्बुर्गचा उल्लेख: "सतरा वर्षांचा असताना आईने जाऊ कसं दिलं?" दुसरीवर: "त्याची गाणी कुणी घेत नव्हतं ते वाईट वाटलं." सतार नाही, भारत नाही. चौकशी केली तर त्या दोन कॉलेजच्या मुलींच्या, मावशीबरोबर आयत्या वेळी आलेल्या. त्या आमच्या व्हॉट्सअॅप गटात नाहीत. त्यांनी निमंत्रण वाचलंच नव्हतं.

बाकी एकेचाळीस जण 'भारताच्या प्रेमात पडलेला' हे वाचून आणि सतारीचं चित्र बघून आले होते. मी परीक्षेचा पेपर आधीच वाटून टाकला होता: याचं भारतावर खरंच प्रेम होतं का, दहा गुण. काका बिचारे मी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देत होते.

दोन मुलींवरून सिद्धांत मांडायचा नसतो हे कळतं. त्यांचं वय वेगळं, त्यांना सवाई आणि कोरेगाव पार्क दोन्हींचं ओझं नाही. दुसऱ्या रविवारच्या मतांनाही मी फार भाव देणार नाही. 'घड्याळ कधी पाहिलं' विचारलं की माणूस कंटाळा आठवायला लागतो, आणि आलेले सव्वीस जण मुळात पहिल्या भागाने न पळालेले. न आलेल्यांपैकी चौघांना फोन केले. एकाकडे लग्न होतं, एकाची पाठ धरली होती, एक विसरले होते, आणि चौथ्यांनी सांगितलं, "फिल्म ठीक आहे रे, पण त्या तुझ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन तास?" म्हणजे गळती फिल्मवरचं मत म्हणून मोजली असती तर खुर्च्यांचं पाप स्कोर्सेसीच्या माथी गेलं असतं.

पुढच्या निमंत्रणापासून विशेषणं बंद केली आहेत. नाव, साल, दिग्दर्शक, लांबी, आणि 'पाठीला उशी आणावी'. चित्र नाही. पहिल्यांदाच तसं पाठवलं तेव्हा तिघांनी विचारलं, "पण आहे कशाबद्दल?" त्यांना सांगितलं, बघून तुम्हीच सांगा. त्यातले दोघं आले.

डीव्हीडी माझी नव्हे, गटातल्या एकाची. त्या रात्री काकू म्हणाल्या, "घेऊन जाऊ का? ते घरी बघतील. सभेत नाही बघायचे." महिना झाला तरी परत येईना, तेव्हा मालकाच्या आग्रहावरून मी फोन केला.

"अरे, चाललंय अजून," काकू म्हणाल्या. "रोज जेवणानंतर अर्धा तास. बागेपर्यंत आलेत."

"काय म्हणतात?"

काकूंनी फोन थोडा बाजूला धरला असावा, कारण मागे टीव्हीचा आवाज मोठा झाला. "म्हणतात, झाडं फार जवळजवळ लावलीत."